शिक्षा देण्याआधी त्याचं ऐकून घ्या: कारागृह महानिरीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक,
कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे.

महोदय,

न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगत असलेल्या माणसाला तुरुंगात आणखी एक शिक्षा दिली की तो वठणीवर येतो, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. अधिकारी धरून चालतात, न्यायालयं धरून चालतात, बाहेरचा समाज तर चालतोच. हे पत्र त्या समजुतीबद्दल आहे.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मी वकील आहे. जामीन, अपील, संचित रजेचे (शिक्षा चालू असताना काही दिवस घरी जाण्याच्या रजेचे) अर्ज अशी माझी कामं. पण कारागृहातल्या विधी साहाय्य कक्षात बसलं की बंद्यांच्या तोंडून खटल्यापेक्षा जास्त ऐकू येतं ते आत लागलेल्या शिक्षांबद्दल. ‘माफी कापली’, ‘मुलाकात बंद आहे’, ‘सेपरेटला टाकलंय’, ‘बदली मारली’. माफी म्हणजे शिक्षेत मिळणारी सूट, सेपरेट म्हणजे एकट्याला वेगळ्या कोठडीत ठेवणं. जन्मठेप लागलेला माणूस निकालाबद्दल शांतपणे बोलतो आणि पंधरा दिवस बंद झालेल्या कँटीनबद्दल बोलताना त्याचा आवाज चढतो. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. निकाल लागण्याआधी त्याचं कोणीतरी ऐकलेलं असतं, वकील उभा राहिलेला असतो, साक्षीदार तपासलेले असतात. कँटीन बंद होताना त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं.

शिस्त नको असं मी म्हणत नाही. तुरुंगात बेशिस्त माजली की पहिला भरडला जातो तो गरीब, एकटा, ज्याला भेटायला कोणी येत नाही असा बंदी. त्याचा साबण जातो, चप्पल जाते, झोपायची जागा जाते. जून २०२४ मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आंघोळीवरून झालेल्या भांडणात एका बंद्याचा खून झाला. गांजा, मोबाइल, टोळ्यांची वसुली हे सगळं खरं आहे. आर्थर रोडची मंजूर क्षमता हजाराच्या आत असताना तिथे तीन हजारांहून जास्त माणसं कोंबलेली असतात आणि अशा गर्दीत शिपायाला ड्युटी करावी लागते, हेही तितकंच खरं आहे. त्याच्या हातात अधिकार हवेतच. माझं म्हणणं एवढंच, की आज ज्या रीतीने शिक्षा दिली जाते तिने वागणूक फारशी सुधारत नाही, बऱ्याचदा बिघडते. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती कशी दिली यावर तिचा परिणाम जास्त अवलंबून असतो.

एका बंद्याची हकीकत सांगते. त्याचं नाव आणि कारागृह सांगत नाही. सिद्धदोष, जन्मठेप, सुतारकाम विभागात कामाला. सरकारी कार्यालयांसाठी तिथे टेबलं बनायची. त्यांच्या खणांचे सांधे हा जुळवायचा आणि मी भेटले की न विचारता त्याबद्दल सांगत बसायचा. एके रात्री बराकीची झडती झाली. त्याच्या आणि शेजाऱ्याच्या बिस्तऱ्यांमध्ये मोबाइल सापडला. त्या बराकीत माणसं इतक्या दाटीने झोपतात की एकाची सतरंजी कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे दिवसाउजेडीही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कार्यालयात उभं केलं. विचारलं एवढंच, की सही करणार की अंगठा देणार. हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे बंद्याच्या नोंदींच्या कागदावर, एक ओळ चढली. माफी कापली गेली, मुलाकात बंद झाली, सुतारकामावरून नाव निघालं. पुढच्या आठवड्यात त्याची बहीण लहान मुलाला घेऊन रात्रभर एसटीने प्रवास करून आली आणि गेटवरूनच परत गेली. मुलाकात बंद असल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं.

मोबाइल त्याचाच होता असं धरून चालू. तरी पुढे काय झालं ते पाहा. ज्याच्या तिकिटावर त्याआधी शिस्तभंगाची एकही नोंद नव्हती, त्याच्या नावावर पुढच्या काही महिन्यांत दोन मारामाऱ्या, शिपायाशी उद्धट वर्तन आणि एकदा जेवण नाकारणं अशा नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीला नवी शिक्षा लागली आणि प्रत्येक शिक्षेनंतरची नोंद आधीपेक्षा लवकर आली. शेवटी तो सेपरेटला गेला. तिथे भेटल्यावर मी त्याला समजावत होते, की असंच चाललं तर उरलेली माफीही जाईल. तो म्हणाला, ‘मॅडम, आता माझ्याकडून काढून घेण्यासारखं काय उरलंय ते तरी सांगा.’ मला उत्तर देता आलं नाही.

कागदोपत्री हा बंदी ‘वारंवार शिस्तभंग करणारा’ आहे. पण तारखा लावून त्याचं तिकीट वाचलं तर दिसतं, की आधी बेशिस्त आणि मग शिक्षा हा क्रम पहिल्या नोंदीपुरताच खरा आहे. त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीच्या मागे आधी एक शिक्षा उभी आहे.

१८९४च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४५ मध्ये तुरुंगातल्या गुन्ह्यांची यादी आहे, कलम ४६ मध्ये शिक्षांची. ताकीद, जास्त कष्टाचं काम, सवलती जाणं, गोणपाटाचे कपडे, हातकड्या, पायात बेड्या, तीन महिन्यांपर्यंत वेगळं ठेवणं, १४ दिवसांपर्यंत कोठडीत कोंडणं आणि ३० फटके. हे लिहिणाऱ्या इंग्रज सरकारला बंद्याच्या सुधारणेशी काही देणंघेणं नव्हतं. तरीही त्याच कायद्यात अधीक्षकाच्या आदेशाशिवाय शिक्षा नाही, जड शिक्षेआधी वैद्यकीय अधिकाऱ्याची तपासणी हवी, आणि प्रत्येक शिक्षेची नोंद ठेवली पाहिजे, एवढी काळजी घेतलेली होती. पुढे दिल्लीच्या तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या बंद्याने दुसऱ्या बंद्यावर वॉर्डरने पैशासाठी केलेल्या अत्याचाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून डिसेंबर १९७९ मध्ये सुनील बत्रा प्रकरणातला दुसरा निकाल आला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यात घालून दिलं, की एकांत कोठडी, जास्त कष्टाचं काम, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात बदली, यांतलं काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायचं नाही. तातडीच असेल तर दोन दिवसांच्या आत त्यांना कळवायचं.

या निकालाला साडेचार दशकं झाली. मी जे कागद पाहिले आहेत त्यांत सत्र न्यायाधीशांकडे जाणारा प्रस्ताव छापील नमुन्यावर असतो आणि बंद्याचं म्हणणं या रकान्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: ‘बंद्याने चूक मान्य केली.’ बिहारच्या, तेलंगणाच्या, बंगालच्या माणसानेही चूक मान्य केलेली असते, मराठीत, जी त्याला वाचता येत नाही. एवढ्या कागदावरून न्यायाधीशांनी तपासायचं तरी काय?

आता माफीबद्दल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: सिद्धदोष बंद्याला चांगल्या वागणुकीबद्दल आणि कामाबद्दल दर महिन्याला शिक्षेतून काही दिवसांची सूट मिळत जाते, तिला माफी म्हणतात. जन्मठेपेच्या बंद्याची मुदतपूर्व सुटका ठरवतानाही माफी धरूनच एकूण वर्षं मोजली जातात. तुरुंगात बंद्याच्या हातात यापेक्षा मोलाचं दुसरं काही नसतं, म्हणून माफी कापणं हे प्रशासनाला सगळ्यात परिणामकारक हत्यार वाटतं. अडचण अशी, की आज कापलेल्या माफीचा चटका बसतो तो सुटकेच्या वेळी, म्हणजे कधी पाच तर कधी बारा वर्षांनी. ज्या दिवशी नळावर भांडण होतं त्या दिवशी ती तारीख कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते. जवळची, नक्की मिळणारी, लहान शिक्षा माणूस लक्षात ठेवतो. दूरची आणि मोठी शिक्षा त्याला फक्त हताश करते. रजेवरून उशिरा परतलेल्या बंद्याचं तर माफीच्या नोंदवहीतून नावच कमी होतं. आईच्या आजारपणामुळे थांबलेला आणि फरार होऊन पोलिसांनी पकडून आणलेला, दोघांना पहिल्या टप्प्यात तीच वागणूक मिळते. मग वकिलाने अर्ज करायचे आणि उच्च न्यायालयापर्यंत जायचं. बंद्याला कारणं विचारण्याचं साधं काम कारागृहातच झालं असतं तर यातले निम्मे कागद लिहावे लागले नसते.

आणि मुळात आपल्या तुरुंगांत चारातले तीन बंदी न्यायाधीन आहेत. त्यांना माफी नाहीच. त्यांच्यावर चालवायला प्रशासनाकडे उरतं काय? मुलाकात, कँटीन, फोन, बराक बदलणं, सेपरेट आणि बदली. म्हणजे ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, त्याची शिस्त त्याच्या घरच्यांच्या भेटीवर टांगलेली असते.

मुलाकात बंद करण्याच्या शिक्षेला माझा ठाम विरोध आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतल्या ४३व्या नियमात स्पष्ट म्हटलं आहे, की कुटुंबाशी संपर्क बंद करणं ही शिस्तीची शिक्षा असता कामा नये. सुरक्षेसाठी अगदी आवश्यक असेल तेवढंच आणि तेवढाच काळ भेटीच्या साधनांवर बंधन घालता येतं. नियम बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा. काचेपलीकडून ‘भांडू नकोस रे, वकीलबाई म्हणाल्या तारीख लागलीय’ असं सांगणारी आई त्या बंद्याला जेवढं सावरते, तेवढं बराकीतल्या कुठल्याही शिपायाला जमणार नाही. तिलाच आपण बाहेर उभं करतो. शिवाय ही शिक्षा तिलाही होते, जिने काहीच केलेलं नाही. बीडची बाई नागपूरला बदली झालेल्या मुलाला भेटायला वर्षातून किती वेळा जाऊ शकेल? ती बदली कागदावर ‘प्रशासकीय कारणास्तव’ असते. शिक्षेच्या नोंदवहीत ती कुठेच दिसत नाही.

सेपरेटबद्दल बंदी दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतात आणि दोन्ही खऱ्या असतात. पहिले एक-दोन दिवस बरं वाटतं, कारण बराकीत पाय पसरायला जागा नसते, इथे ती मिळते. त्यानंतर माणूस भिंतीशी बोलायला लागतो. बाहेर आल्यावर बराकीतल्या साध्या आवाजांनीही तो दचकतो, चटकन हात उगारतो, आणि पुन्हा आत जातो. टेक्सासमध्ये रॉबर्ट मॉरिस या संशोधकाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंसक वर्तनाबद्दल थोड्या काळासाठी एकांतात टाकलेल्या बंद्यांची तशाच, पण एकांतात न टाकलेल्या बंद्यांशी तुलना केली होती. दोघांच्या पुढच्या वागणुकीत फरक सापडला नाही. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती काही लागलं नाही. मिसिसिपीतल्या पार्चमनच्या तुरुंगात युनिट ३२ नावाचा विभाग होता. तिथे सुमारे हजार माणसं एकांतात ठेवलेली होती. २००७ मधल्या हिंसाचारानंतर प्रशासनाने प्रत्येकाचं प्रकरण पुन्हा तपासलं, बहुतेकांना टप्प्याटप्प्याने एकांतातून बाहेर काढलं, त्यांना काम आणि एकत्र जेवण दिलं. गंभीर घटना सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्या. अमेरिकेतले तुरुंग वेगळे, तिथला बंदी वेगळा, हे मला मान्य आहे. पण कडक केलं की शांत होतं, हा समज तिथे टिकला नाही, तर इथे तो कशाच्या जोरावर टिकतो?

बेकायदा शिक्षा दिली की काय होतं, हे आपल्या राज्याने जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात पाहिलं. दोन अंडी आणि पाच पाव कमी आल्याचं विचारलं म्हणून एका महिला बंदीला मारहाण झाली आणि त्यात तिचा मृत्यू झाला, असा आरोप आहे. सहा जणींवर, म्हणजे कारागृहाच्या अधिकारी आणि कर्मचाऱ्यांवर, खुनाचा गुन्हा दाखल झाला. पण दुसऱ्या दिवशी त्या कारागृहातल्या बायका छतावर चढल्या आणि सुमारे २०० बंद्यांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. वर्षानुवर्षं ज्या गप्प होत्या त्या एका दिवसात दंगलखोर झाल्या. अधिकाऱ्यांनी या घटनेकडे सुरक्षेतली चूक म्हणूनच पाहू नये. शिस्तीच्या प्रशिक्षणात ती शिकवली गेली पाहिजे.

चांगलंही मी पाहिलं आहे. एका कारागृहाच्या महिला विभागात पाण्याच्या ड्रमवरून दोघींची झोंबाझोंबी झाली, एकीच्या कपाळाला खोक पडली. तिथल्या महिला तुरुंगाधिकाऱ्यांनी त्याच संध्याकाळी दोघींना समोर बसवलं. आधी एकीचं, मग दुसरीचं, मग ड्रमपाशी उभ्या असलेल्या तिसरीचं म्हणणं ऐकलं. दोघींचं कँटीन आठवडाभर बंद केलं, का बंद केलं ते सांगितलं, आणि कोणत्या तारखेला सुरू होईल तेही सांगितलं. आणखी एक काम दिलं: सगळ्या विभागाची पाण्याची पाळी दोघींनी मिळून लावायची. पाटीवर खडूने लिहिलेली ती पाळी मी पुढे बऱ्याच भेटींत पाहिली. ठरलेल्या तारखेला कँटीन सुरू झालं, त्यासाठी कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. खोक पाडणारी माझी पक्षकार होती. ती म्हणाली, ‘चूक माझीच होती ओ, पण बाईंनी ऐकलं तरी.’ त्यानंतर तिच्या तिकिटावर नोंद झाली नाही.

तिला मिळालेली शिक्षा सुतारकामवाल्याच्या मानाने अगदी किरकोळ होती. ती लागू पडली, कारण ती त्याच दिवशी मिळाली, समजली, आणि ठरल्याप्रमाणे संपली. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: कर्मचारी आपल्याशी न्यायाने वागतात असं ज्या बंद्यांना वाटत होतं, त्यांच्याकडून पुढच्या महिन्यांत गैरवर्तन कमी झालं. इंग्लंडमध्ये १९९०च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात २५ दिवस दंगल चालली. तिच्या चौकशीत न्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांनी बंद्यांच्या मनात साचलेल्या अन्यायाच्या भावनेवर बोट ठेवलं, आणि पुढे तिथली शिस्तभंगाच्या सुनावणीची पद्धतच बदलली.

यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली, तिथे खुनाची शिक्षा झालेली माणसं भिंतीशिवाय शेती करत राहिली. पैठण आणि मोर्शीच्या खुल्या कारागृहांत आजही तेच चालतं. तिथे शिस्त कशाने राहते? गैरवर्तन केलं तर बंद कारागृहात परत जावं लागेल, याने. तिथल्या बंद्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं: मोकळी हवा, जास्त माफी, शेतातलं काम. बंद कारागृहात आपण पहिल्याच चुकीला सगळं काढून घेतो आणि मग त्याने सांभाळून वागावं अशी अपेक्षा धरतो.

महोदय, डिसेंबर २०२४च्या नागपूर अधिवेशनात विधिमंडळाने कारागृहे व सुधारसेवांबाबतचं नवं विधेयक मंजूर केलं. नव्या कायद्याबरोबर नियम आणि नमुने नव्याने लिहिण्याची संधी येते. त्यात माझी पहिली मागणी सुनावणीची आहे. आरोप बंद्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावा, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं, त्याने नाव घेतलेल्या साक्षीदाराला बोलवावं, आणि शिक्षा का दिली हे दोन ओळींत लिहावं. ‘चूक मान्य केली’ हे छापील वाक्य नमुन्यातून काढून टाकावं. ज्याने तक्रार नोंदवली त्यानेच निर्णय देऊ नये. मानसिक उपचार चालू असलेल्या बंद्याची फाइल आधी डॉक्टरांकडे जावी, कारण सेपरेटमध्ये आढळणाऱ्या कित्येकांना मुळात दवाखान्याची गरज असते.

दुसरी मागणी, कापलेली माफी परत कमावता यावी. सहा महिने, वर्षभर नोंद नसेल तर तिचा ठरावीक हिस्सा परत मिळेल असा नियम करा, आणि तो शिक्षा देतानाच सांगा. सुतारकामवाल्याने मला विचारलेल्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर असेल. मुलाकात शिक्षेच्या यादीतून काढा. ज्या बदलीने घर तुटतं ती बदली शिक्षा म्हणून नोंदवा आणि बत्रा निकालाप्रमाणे सत्र न्यायाधीशांपुढे ठेवा.

तिसरं काम आपल्या कार्यालयातच होऊ शकतं. प्रत्येक कारागृहात शिक्षेची नोंदवही आहे. तिच्यातून दर सहा महिन्यांनी एवढंच काढा: कोणत्या शिक्षेनंतर किती बंद्यांवर पुन्हा नोंद झाली आणि किती दिवसांत झाली. येरवडा, नाशिक, ठाणे, अमरावती, सगळ्या मध्यवर्ती कारागृहांचे आकडे शेजारी ठेवा. कुठल्या अधिकाऱ्याच्या काळात नोंदी घटल्या आणि त्याने काय वेगळं केलं, हे त्यातून दिसेल. ते आकडे जाहीर करा. महिला विभागातल्या त्या तुरुंगाधिकाऱ्यांसारखे अधिकारी आपल्याकडे नक्की आहेत, पण त्यांचं काम आज कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. भांडण वेळेवर मिटलं की त्याची नोंदच होत नाही.

शिपायांवरचा ताण मी जवळून पाहते. सुनावणी म्हणजे आणखी कागद, आणखी वेळ, हे त्यांचं पहिलं उत्तर असेल आणि ते रास्त आहे. म्हणून शेवटी एक प्रस्ताव ठेवते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे वकील ठरलेल्या दिवशी कारागृहात येतातच. त्याच दिवशी आठवड्याभरातल्या शिस्तभंगाच्या जड प्रकरणांची सुनावणी ठेवा आणि आम्हाला बंद्याच्या बाजूने बसू द्या. भाषांतर आम्ही करू, म्हणणं आम्ही लिहून देऊ. सुरुवात एका मध्यवर्ती कारागृहापासून, सहा महिन्यांसाठी करून पाहा. आपल्या कार्यालयाने दिवस कळवला की आमच्यातले वकील हजर राहतील.

आपली,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील एक वकील